निर्लेप तव्याचा लेप

नाशिकच्या भांडी बाजारात आजही माल दोन रीतींनी विकला जातो. तांब्यापितळेचे भांडे तराजूत पडते, त्याचा भाव किलोवर ठरतो आणि जुने भांडे दिले तर त्याची मोड रकमेतून वजा होते. नॉन-स्टिकचा तवा मात्र नगावर मिळतो, खोक्यात बंद मिळतो आणि त्याला मोड जवळजवळ नसतेच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नव्याने नोकरीला लागलेली आणि पाथर्डी फाट्याला किंवा इंदिरानगरला भाड्याची खोली घेतलेली मुले-मुली पहिला संसार मांडताना बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या भांड्यापासूनच सुरुवात करतात. कमी तेलात, कमी सरावात आणि कमी पैशांत काम भागवणारे भांडे म्हणून ते सोयीचेही आहे. परंतु ते कोठून आले आणि कोणत्या कामासाठी घडले हे ठाऊक नसल्यामुळे बरेच तवे वर्षभरात निकामी होतात.

मराठी घरांत अशा तव्याला, तो कोणत्याही कंपनीचा असो, सर्रास ‘निर्लेप तवा’ म्हणतात. हे मूळ नाव १९६८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबाने उभारलेल्या उद्योगाचे आहे. भारतात नॉन-स्टिक भांडी घरोघर नेणाऱ्या पहिल्या उद्योगांत त्याची गणना होते, आणि २०१८ मध्ये तो बजाज इलेक्ट्रिकल्सने आपल्याकडे घेतला. नाव इतके चपखल बसले की त्याचे सामान्यनाम झाले. ज्याला काही लिंपत नाही ते निर्लेप, हा अर्थ अन्नाच्या बाजूने पाहिला तर अगदी बरोबर आहे. भांड्याच्या बाजूने पाहिला तर मात्र तो नेमका उलटा आहे, कारण या भांड्यात मोल असते ते लेपाचेच. लेप गेला की हातात उरते साधे ॲल्युमिनियम. भांडे निवडण्याचा आणि सांभाळण्याचा बहुतेक सगळा विचार या एका विसंगतीतून सुरू होतो.

अन्न भांड्याला लागू नये ही गरज काही नवी नाही, आणि तिच्यावरचे जुने उपायही लेपाचेच होते. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नवा तवा आणला की त्यावर तेल लावून तो पुन्हा पुन्हा तापवायचा, अर्धा कांदा उलथण्याच्या टोकाला टोचून तेलात बुडवायचा आणि तापल्या तव्यावरून फिरवायचा, म्हणजे काही दिवसांत तवा ‘तयार’ होतो, हे घावन-आंबोळ्या करणाऱ्या कोणत्याही घरात माहीत असते. या तयार होण्यात तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून लोखंडावर एक कडक, काळा, गुळगुळीत थर धरतात. पितळेच्या भांड्यांचा प्रश्न वेगळा होता. ताक, चिंच, आमसूल यांसारखे आंबट पदार्थ त्यांत कळकत असत, म्हणून आतून कल्हई करावी लागे. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने असे पसरवी की काळवंडलेले भांडे क्षणात चांदीसारखे उजळे. नाशिक हे तांबटांचे जुने गाव आहे. येथील तांब्यापितळेच्या कामाची नोंद १८८३ साली छापलेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही सापडते, त्यामुळे गोदाकाठच्या वाड्यांत हे दृश्य रोजचेच होते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवायचे नाही हा जुन्या बायकांचा दंडक या आकड्यावर उभा होता, जरी तो आकडा त्यांना कोणी सांगितला नव्हता.

पुढे ॲल्युमिनियम आले, ज्याला आपल्याकडे कितीतरी वर्षे ‘जर्मनचे भांडे’ म्हणत. त्याच्या मागोमाग स्टेनलेस स्टील आले आणि बोहारणीच्या टोपलीतून, जुन्या साड्यांच्या बदल्यात, ते गल्लोगल्ली पोहोचले. स्टीलला कल्हई नको, ते कळकत नाही, घासले की लखलखते. पण ते उष्णता सावकाश पसरवते, म्हणून ज्योतीच्या बरोबर वर ते अधिक तापते आणि तेवढ्याच जागी दूध लागते, पिठले करपते. पिठल्याची खरवड आवडीने खाणारे आहेत, हे मान्य. पण रोज सकाळी डब्याच्या घाईत ती कोणालाच नको असते. म्हणजे कल्हईवाला गेला, बीडाचा तवा जड म्हणून माळ्यावर गेला, आणि न लागणाऱ्या भांड्याची जागा रिकामी झाली, ती नॉन-स्टिकने घेतली.

तो पदार्थ स्वयंपाकासाठी शोधलाच गेला नव्हता. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत, रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतपेट्यांत वापरता येईल अशा वायूवर काम करत होता. टेट्राफ्लुओरोएथिलीन नावाचा वायू त्याने छोट्या नळकांड्यांत भरून ठेवला होता. त्या दिवशी एका नळकांड्याची झडप उघडली तरी वायू बाहेर येईना, मात्र वजन केले तर नळकांडे भरलेलेच भरत होते. प्लंकेट आणि त्याच्या सहायकाने ते करवतीने कापले, तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. वायूचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊन घन झाले होते. ही भुकटी आम्लात विरघळत नव्हती, उष्णतेला दाद देत नव्हती आणि तिला काहीच चिकटत नव्हते. तिचे शास्त्रीय नाव पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे पीटीएफई. १९४१ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९४५ मध्ये टेफ्लॉन हे व्यापारी नाव नोंदले गेले. मधल्या काळात तिचा उपयोग अणुबॉम्बच्या प्रकल्पात झाला, कारण युरेनियमच्या अत्यंत दाहक संयुगापुढे टिकणारे सांधे दुसऱ्या कशाचे बनत नव्हते.

तेथून तव्यापर्यंत यायला एक अडचण आडवी होती, आणि ती ऐकायला विनोदी वाटते: ज्याला काहीच चिकटत नाही ते स्वतः भांड्याला कसे चिकटवायचे? फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार या अभियंत्याने मासेमारीच्या साहित्यासाठी याचे उत्तर शोधले होते. आम्लाने ॲल्युमिनियमवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पाडायची, त्यांत ही भुकटी बसवायची आणि ती भाजून घट्ट करायची. म्हणजे लेप चिकटत नाही, अडकतो. १९५४ मध्ये त्याच्या पत्नीने सुचवले की हेच माझ्या तव्यावर करून पाहा. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, टेफ्लॉन आणि ॲल्युमिनियम या शब्दांचे तुकडे जोडून ‘टेफाल’ नावाची कंपनी निघाली, आणि १९६० च्या डिसेंबरात तिचे तवे न्यूयॉर्कच्या दुकानात विक्रीला आले. आजच्या कारखान्यांत आम्लाऐवजी बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करतात, त्यावर पकड धरणारा पहिला थर आणि मग एक-दोन वरचे थर देऊन भांडे ४०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. हे सारे थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी, म्हणजे साधारण कागदाहून कमी. स्टीलच्या उलथण्याचा एक जोराचा ओरखडा त्याला पुरतो.

या इतिहासातला काळा भाग वगळता येणार नाही. पीटीएफई तयार करताना पीएफओए नावाचे एक सहायक रसायन वापरले जाई. ते निसर्गात विघटित होत नाही आणि रक्तात वर्षानुवर्षे राहते. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग येथील ड्युपाँटच्या कारखान्याजवळ गुरे मरू लागली तेव्हा एका शेतकऱ्याने रॉबर्ट बिलट या वकिलाला गाठले. २००१ मध्ये तेथील रहिवाशांनी सामूहिक दावा दाखल केला, आणि तडजोडीतून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने सुमारे ६९,००० लोकांच्या तपासणीनंतर या रसायनाचा संबंध मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी संभवतो असे सांगितले. २०१७ मध्ये हजारो दावे सुमारे ६७ कोटी डॉलरना मिटले. अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला, २०१९ मध्ये निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ते आले आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. खोक्यावर ‘पीएफओए-मुक्त’ असे ठळक छापलेले असते त्याचा उगम येथे आहे. मात्र त्याचा अर्थ तव्यावर पीटीएफई नाही असा होत नाही, आणि दुकानदार कधीकधी तसा समज होऊ देतात. पीटीएफईचा एखादा निघालेला कण पोटात गेला तर तो पचत नाही आणि तसाच बाहेर पडतो. खरा धोका उष्णतेचा आहे.

हा लेप साधारण २६० अंशांपर्यंत स्थिर राहतो. त्यापुढे तो हळूहळू खराब होऊ लागतो, आणि ३५० अंशांच्या वर गेला तर त्याचे विघटन होऊन निघणाऱ्या धुराने माणसाला थंडी-तापासारखा त्रास होतो. पिंजऱ्यातले पोपट तर त्या धुराने मरतात. कल्हईचे २३२ आणि टेफ्लॉनचे २६० हे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर आजीचा दंडक नव्या तव्यालाही तसाच्या तसा लागू पडतो हे दिसेल. फोडणीला अडचण नाही, कारण तेल तापून मोहरी तडतडते ती यापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला. अडचण आहे ती भाकरीची. फ्रान्समधला तवा मंद आचेवरच्या अंड्यासाठी घडला. आपली बाजरीची भाकरी कोरड्या, चरचरीत तापलेल्या तव्यावर पडते आणि मोठ्या गॅसवर रिकामा ठेवलेला पातळ तवा काही मिनिटांत २६० ओलांडू शकतो. म्हणून नॉन-स्टिकच्या तव्यावर भाकरी करू नये, फुलकेही शक्यतो टाळावेत. धिरडे, घावन, ऑम्लेट, पोहे, पनीर यांना तो उत्तम. थालीपीठ मधोमध येते: मध्यम आच आणि झाकण असेल तर हरकत नाही. भाकरीसाठी लोखंडी तवा वेगळा घ्यावा, तो स्वस्त असतो आणि नातवंडांपर्यंत टिकतो.

बेताच्या पैशांत निवड करताना मी स्वतः लेपाच्या जाहिरातीपेक्षा बुडाची जाडी आधी पाहतो. दोन मिलिमीटरच्या आसपासचे बूड लवकर आणि असमान तापते, वाकते आणि मग मधोमध फुगून शेगडीवर डुगडुगते; तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर थोडे अधिक पैसे द्यायला हरकत नाही. फार स्वस्त भांड्यांत ॲल्युमिनियमच्या सपाट चकतीवर आधी रोलरने लेप देतात आणि नंतर ती दाबून आकार देतात, त्यामुळे वळणावर लेप ताणला जातो. आधी आकार देऊन मग फवारलेला लेप अधिक टिकतो. पाच-सहा भांड्यांचा संच स्वस्त दिसतो, पण एकट्या माणसाला त्यातली तीन भांडी कधीच लागत नाहीत. खोलीत इंडक्शन शेगडी असेल तर फ्रीजवरचे लोहचुंबक बुडाला लावून पाहावे, चिकटले नाही तर ते भांडे त्या शेगडीवर तापणार नाही. ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केल्याचे केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा ते चिन्हही पाहावे. ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘मार्बल’ हे बहुधा ठिपक्यांच्या रंगाचे नाव असते, त्यात दगड शोधू नये. सिरॅमिकचा लेप वेगळा, वाळूतल्या सिलिकापासून केलेला असतो. त्यात पीटीएफई नसते आणि तो जास्त उष्णता सोसतो, पण त्याचा न चिकटण्याचा गुण लवकर ओसरतो.

सांभाळण्याचे नियम फार नाहीत. तवा गरम असताना त्यावर गार पाणी ओतू नये, कारण त्या धक्क्याने बूड वाकते आणि लेप सुटतो. लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथणे वापरावे, तारेची घासणी आणि काथ्या दूर ठेवावा, आणि हे घरकामाच्या मावशींनाही दाखवून सांगावे, कारण त्यांच्या दृष्टीने भांडे खसखसून घासणे हाच चांगुलपणा असतो. भांडी एकात एक ठेवताना मध्ये जुन्या सुती कपड्याचा तुकडा घालावा. बरेचदा तवा ‘गेला’ असे वाटते तेव्हा लेप गेलेला नसतो, कडेने जळक्या तेलाचा तपकिरी, चिकट थर बसलेला असतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवले आणि मऊ स्पंजने पुसले की तो बराचसा निघतो. लेपाचे पोपडे निघू लागले आणि खालची धातू दिसू लागली, तर मात्र तो तवा भंगारात द्यावा. त्याच्यासाठी भाता घेऊन दारावर येणारा कोणी नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाचीला अंबडला नोकरी लागली, तेव्हा तिच्यासोबत भांडी बाजारात गेलो होतो. गोदावरीला मोठा पूर आला की या बाजारात पाणी शिरते. आम्ही गेलो त्या दुकानाच्या भिंतीवर त्याची जुनी रेघ अजून दिसत होती. एक तीन मिलिमीटरचा नॉन-स्टिक तवा, एक लोखंडी तवा, जाड बुडाची स्टीलची कढई आणि दोन पातेली एवढे घेतले. दुकानदाराने सवयीने विचारले, “नाव काय घालायचं?” मशीन घरघरले आणि कढईवर, पातेल्यांवर तिचे नाव उमटले, आईच्या भांड्यांवर आईचे असते तसे. नॉन-स्टिकचा तवा त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि नाव न घालताच परत खोक्यात ठेवला.