कोंबुचासाठी चहाची निवड

साखर घातलेला कोरा चहा जीवाणू व यीस्ट यांच्या मिश्र विरजणाने आंबवला, की कोंबुचा हे आंबटगोड, किंचित फसफसणारे पेय तयार होते. घरी कोंबुचा करताना साखर व पाणी यांत फार निवड करायची नसते. पेयाची चव, रंग आणि विरजणाची प्रकृती ठरते ती चहावरून. रोजच्या वापराला सर्वांत भरवशाचा चहा म्हणजे सुगंध किंवा मसाला न मिसळलेला, अखंड किंवा जाडसर तुटलेल्या पानाचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीचा काळा चहा. भारतात निलगिरीचा किंवा आसामचा मध्यम प्रतीचा ऑर्थोडॉक्स यासाठी उत्तम. महाग चहाची गरज नसते. बहुतेक वेळा तो या कामी वायाच जातो.

चहा विरजणाला काय पुरवतो

यीस्ट साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते आणि त्यांपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. कोमागॅटाइबॅक्टर वंशाचे जीवाणू त्या अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात, ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल बनवतात आणि पृष्ठभागावर सेल्युलोजचा रबरासारखा थर विणतात. या थरालाच बोलीत स्कोबी म्हणतात. खरे विरजण मात्र आंबट द्रवातही तेवढेच असते.

साखरेतून फक्त ऊर्जा मिळते. वाढीला लागणारा नायट्रोजन आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, मँगनीज यांसारखी खनिजे चहातून येतात. नायट्रोजनाचा वाटा थिॲनिन व इतर ॲमिनो आम्ले आणि कॅफिन यांचा. कॅफिनचे आणखी एक काम आहे. सेल्युलोज विणण्याचा इशारा जीवाणूच्या पेशीत एका लहान रेणूकडून मिळतो. तो रेणू मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) कॅफिन आवर घालते, म्हणून थर जाड व घट्ट होतो. नुसत्या साखरपाण्यात किंवा कॅफिन नसलेल्या काढ्यात थर पातळ, लिबलिबीत येतो आणि दोन-चार खेपांत विरजण मंदावते, त्याचे कारण हेच. यामुळे विरजण ज्यावर पोसायचे तो चहा कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या पानांचाच हवा. काळा, हिरवा, ऊलाँग व पांढरा हे सारे त्याच पानांपासून होतात, फरक प्रक्रियेचा.

काळ्या चहाच्या प्रक्रियेत पानांतील कॅटेचिने ही तुरट द्रव्ये ऑक्सिडीकरणाने थिआफ्लेविन व थिआरुबिजिन यांत बदलतात. रंग, भरदारपणा आणि तुरटपणाची धार त्यांच्यामुळे येते. कोऱ्या चहात लिंबू पिळले की तो क्षणात फिका होतो. तोच बदल बरणीत हळूहळू घडतो. गडद तांबडा चहा आठवड्याभरात मधासारखा पिवळसर झाला, तर आम्ल वाढत आहे असे समजावे. चहा बिघडल्याची ती खूण नव्हे.

पानाचा चहा आणि सीटीसी

महाराष्ट्रातल्या घराघरांत जी चहा पावडर असते ती सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेली दाणेदार पावडर. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दुधाच्या चहासाठी ती अप्रतिम आहे: पाण्यात पडताच रंग सुटतो, कडकपणा येतो, आणि दुधातले केसिन हे प्रथिन चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यांना बांधून घेत असल्यामुळे तुरटपणा जिभेला जाणवत नाही. कोंबुचात दूध नसते. तोच कडकपणा इथे सगळाच्या सगळा जिभेवर येतो, आणि त्यात आम्लाची भर पडली की घसा कोरडा पडल्यासारखे वाटते. शिवाय बारीक कण गाळणीतून निसटून तळाशी साका धरतात.

तरी घरात सीटीसीच असेल तर अडून राहायचे कारण नाही. विरजण तिच्यावर छान पोसते. फक्त प्रमाण १ लिटरला ४ ते ५ ग्रॅमवर आणावे, पावडर आधणात उकळू नये, गॅस बंद करून ३ ते ४ मिनिटेच मुरू द्यावी आणि दुहेरी मलमलीतून गाळावे. चोथा पिळू नये; शेवटच्या त्या थेंबांत सर्वांत जास्त तुरटपणा असतो. डस्ट प्रतीची अगदी बारीक पावडर मात्र टाळलेली बरी. टी-बॅगमध्येही बहुधा फॅनिंग्ज (पानांचा बारीक चुरा) किंवा डस्टच भरलेली असते, त्यामुळे तिला हेच नियम लागू. एका पिशवीत साधारण २ ग्रॅम चहा धरून लिटरला दोन पिशव्या पुरतात.

ऑर्थोडॉक्स चहात पान यंत्रावर वळले जाते, चिरडले जात नाही. त्याचा अर्क सावकाश उतरतो. मुरवण्याचा वेळ दोन मिनिटे पुढेमागे झाला तरी चव बिघडत नाही, आणि नवशिक्याला हाच त्याचा मोठा फायदा. यातही प्रांताप्रांताचा फरक आहे. निलगिरीचा चहा उजळ, फळांच्या अंगाचा असतो आणि थंड झाल्यावरही नितळ राहतो. फळे घालून दुसरे किण्वन, म्हणजे तयार कोंबुचा बाटलीत पुन्हा आंबवणे, करायचे असेल तर त्याच्याइतका सोयीचा चहा नाही. आसामचा ऑर्थोडॉक्स भारदस्त व माल्टच्या चवीचा. आले, डाळिंब, कोकम यांसारख्या ठसठशीत चवींखाली तो दबत नाही. मात्र थंड होताना तो गढुळतो. कॅफिन व थिआफ्लेविन एकत्र येऊन हा गढूळपणा येतो. पुन्हा गरम केल्यास तो जातो आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

दार्जिलिंगबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडणीचा चहा ज्या फुलासारख्या सुगंधासाठी जादा पैसे मोजून घेतात, तो सुगंध उडून जाणारा असतो. कापड बांधलेल्या उघड्या बरणीत आठ-दहा दिवस राहिल्यावर आणि वर आम्ल चढल्यावर त्याचा मागमूस उरत नाही. तो चहा कपातच प्यावा. मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीचा दार्जिलिंग अधिक भरदार असतो आणि आसामच्या चहात चौथा हिस्सा मिसळला तर थोडा उरतो.

हिरवा, ऊलाँग आणि पांढरा चहा

हिरव्या चहाचा कोंबुचा फिका, हलका आणि गवताळ वासाचा होतो. थर पांढुरका व बहुधा पातळ येतो. विरजण त्यावर जोमाने चालते, त्यामुळे चव एक-दोन दिवस आधीच पाहायला लागावे. पाणी ७५ ते ८० अंश सेल्सिअस असावे आणि पान ३ ते ४ मिनिटेच ठेवावे, नाहीतर कडवटपणा उतरतो आणि किण्वनानेही तो जात नाही. थर्मामीटर नसेल तर आधण आल्यावर भांडे उघडे ठेवून सात-आठ मिनिटे थांबावे. काळा व हिरवा निम्मा-निम्मा हे मिश्रण घरगुती कोंबुचासाठी फार समतोल ठरते: काळ्याचा भक्कमपणा राहतो आणि तुरटपणा उतरतो.

ऊलाँग या दोन्हींच्या मधला, ८५ ते ९० अंशांवर ५ मिनिटे मुरवायचा. पांढऱ्या चहाची चव इतकी नाजूक असते की आंबटपणाखाली ती सापडतच नाही. वापरायचाच तर काळ्या चहाच्या जोडीने. कॅफिन काढलेला चहाही एकट्याने थर नीट धरू देत नाही.

कोणते चहा टाळावेत

वेलची, आले, मसाला असा मिश्र चहा मुख्य बरणीत घालू नये. लवंग, दालचिनी, वेलची यांतील तेले सूक्ष्मजीवांना मारक असतात; स्वयंपाकात त्यांचा जो गुण उपयोगी पडतो तोच इथे विरजणाच्या मुळावर येतो. तेलाचा तवंग पृष्ठभागावर पसरून थर डागाळतो आणि काही दिवसांनी खवट वास येऊ लागतो. अर्ल ग्रे चहात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल असते, त्यालाही हेच लागू. बाजारातल्या हिरव्या चहाच्या पिशव्यांत लिंबू, मध किंवा तुळशीचा स्वाद अनेकदा मिसळलेला असतो, म्हणून पाकिटावरील घटकांची यादी वाचूनच घ्यावा. घटकांत चहा सोडून दुसरे काहीही असेल तर तो मूळ बरणीसाठी नको. दूध पावडर असलेले प्रीमिक्स तर पूर्णपणे वर्ज्य.

गवती चहा नावाने चहा असला तरी ते गवत आहे. त्यात चहाचे कॅफिनही नाही आणि पोषणही नाही, शिवाय तेल भरपूर. जास्वंद, कॅमोमाइल, तुळस व पुदिना यांचीही तीच गोष्ट. या साऱ्यांची जागा दुसऱ्या किण्वनात: थर बाजूला काढून, कोंबुचा बाटलीत भरताना लिटरला गवती चहाच्या दोन पाती पुरतात. बाटल्या दाब सोसणाऱ्याच घ्याव्यात आणि दोन-तीन दिवसांनी फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

सुटी पावडर घेताना भेसळ तपासावी. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर ठेवून पाण्याचे थेंब टाकावेत. लगेच पिवळा-केशरी डाग पसरला तर रंग मिसळलेला आहे. लोहचुंबक फिरवून पाहावे. लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटतो. लोखंड व टॅनिन एकत्र आले की चहा काळा-निळसर पडतो आणि धातूची चव लागते. त्यामुळे चहा करण्यासाठीही लोखंडी भांडे नको, स्टीलचे चालते. आंबवण्यासाठी काचेची बरणी घ्यावी. लोणच्याच्या जुन्या बरणीत तेल व मसाल्याचा वास मुरलेला असतो, आणि चिनी मातीच्या झिलईत शिसे असण्याची शक्यता असते.

प्रमाण आणि कृती

१ लिटर तयार कोंबुचासाठी ५ ते ७ ग्रॅम पानाचा काळा चहा, ६० ते ७० ग्रॅम पांढरी साखर, ८५० मिलिलिटर पाणी आणि आधीच्या खेपेतील १५० मिलिलिटर आंबट द्रव लागतो. चहा वजनानेच मोजावा. सपाट छोट्या चमच्यात सीटीसी अडीच-तीन ग्रॅम मावते, तर मोठ्या पानाचा चहा जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम. चमच्यांनी मोजलेल्या कृती एका घरी जमतात आणि दुसऱ्या घरी फसतात, त्यामागे बहुधा हेच असते.

४०० मिलिलिटर पाण्याला आधण आणून गॅस बंद करावा, चहा टाकून झाकावा आणि ६ ते ८ मिनिटांनी गाळावा. गरम असतानाच साखर विरघळवावी. उरलेले पाणी आधी उकळून गार केलेले असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उकळल्याने निघून जाते आणि गार पाणी मिसळल्याने चहाही लवकर निवतो. बोअरचे जड पाणी टाळावे, त्यात चहाचा रंग मळकट होतो आणि साय धरते. चहा ३० अंशांच्या खाली आल्यावरच आंबट द्रव व थर घालावा. सुरुवातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.५ च्या खाली असणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. कागदी पट्टीने तो तपासता येतो. बरणीच्या तोंडाला घट्ट विणीचे सुती कापड रबराने बांधावे. सैल विणीतून चिलटे आत शिरतात.

२४ ते २८ अंशांत ७ ते १० दिवस लागतात. मुंबई-कोकणात एप्रिल-मेमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशीच व्हिनेगरसारखा आंबटपणा येऊ शकतो, म्हणून चौथ्या दिवसापासून चव घ्यावी आणि चहा ५ ग्रॅमच ठेवावा. पुणे-नाशिकच्या थंडीत दोन आठवडेही लागतात. तेव्हा चहा वाढवून घाई होत नाही, ऊब वाढवावी लागते. सामू ३ च्या आसपास आणि चव आवडीची झाली की गाळावे.

बिघाड आणि त्यांची कारणे

तोंड आवळणारा तुरटपणा आला तर चहा जास्त पडला किंवा जास्त मुरला. अशा खेपेत फळांचा रस घालून ती सुधारते. थर धरतच नाही किंवा कागदासारखा पातळ धरतो, तेव्हा चहा फार सौम्य, स्वादमिश्रित किंवा कॅफिनविरहित आहे का ते पाहावे. तसे नसेल तर थंडी हे कारण. खाली लोंबणारे तपकिरी तंतू यीस्टचे असतात, ते निरुपद्रवी. मात्र ते फार झाले आणि पावासारखा वास येऊ लागला तर पुढच्या खेपेला आंबट द्रव तळातून न घेता वरच्या भागातून घ्यावा.

बुरशी नेहमी पृष्ठभागावर, कोरडी व केसाळ असते. रंग पांढरा, हिरवा वा काळा. चहाचे पान किंवा पुदिन्याचे तुकडे तरंगत राहिले की त्यांच्या कोरड्या पाठीवर ती आधी धरते, म्हणून गाळण्यात हयगय नको. बुरशी दिसल्यास थर व द्रव दोन्ही टाकून द्यावेत, वरून खरवडून काढून उपयोग नाही. आंबवल्यानंतरही चहातील कॅफिन बव्हंशी राहते, थोडे अल्कोहोलही असते. गर्भवती, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी घरगुती कोंबुचा टाळावा.

चहा बदलताना

विरजण एका चहावर रुळलेले असते. त्याला एकदम हिरव्या किंवा पांढऱ्या चहावर नेले तर पहिली खेप रेंगाळते. पहिल्या खेपेत नव्या चहाचा चौथा हिस्सा, दुसरीत निम्मा, तिसरीत पाऊण असे न्यावे. एक मूळ बरणी कायम साध्या काळ्या चहावर राखावी आणि प्रयोग तिच्यातील द्रव घेऊन वेगळ्या बरणीत करावेत. दोन चहांत निवड करायची असेल तर दोन सारख्या बरण्यांत साखर, द्रव व वजन एकच ठेवून, त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि पाचव्या, सातव्या व नवव्या दिवशी गार करून चाखाव्यात. खोलीच्या तापमानाला आंबटपणाच पुढे येतो. चहाचा फरक गार घोटातच स्पष्ट कळतो.