गिल्बर्ट हिल

गिल्बर्ट हिल : मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी पश्चिमेला भवन्स महाविद्यालयाच्या परिसरालगत उभा असलेला काळ्या बेसाल्टचा सुटा सुळका. उंची सुमारे ६० मी. (२०० फूट). माथा सपाट असून त्यावर गावदेवीचे मंदिर आहे. तेथे खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी जाता येते. पायथ्याच्या वस्तीला गावदेवी डोंगरी हे नाव त्यावरूनच पडले आहे. चारही बाजूंनी इमारती व चाळी अगदी भिडल्या असल्याने सुळका लांबून अखंड दिसत नाही. गल्लीच्या टोकाशी किंवा एखाद्या गच्चीवरून त्याची एकेक बाजू दिसते.

या सुळक्याचे भूवैज्ञानिक महत्त्व त्याच्या उंचीत नसून रचनेत आहे. पायथ्यापासून माथ्याकडे सरळ चढत गेलेल्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या बहुकोनी खांबांनी तो बनला आहे. हे खांब म्हणजे बाहेरून रचलेले दगड नव्हेत, तर तप्त शिलारस थंड होताना त्यात पडलेल्या भेगांनी वेगळे झालेले एकाच खडकाचे भाग होत. अशा भेगांना स्तंभाकार संधी म्हणतात. शिलारस घट्ट झाल्यावरही त्याचे तापमान कित्येक शे अंशांनी उतरायचे असते व त्या ओघात तो आकसतो. हा ताण सर्व दिशांना सारखा असला की कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा करणारी रचना षट्कोनाकडे झुकते. प्रत्यक्षात पाच व सात बाजूंचे खांबही भरपूर असतात. ‘षट्कोनी खांब’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे इतकेच. भेग एका दमात खोल जात नाही. थंडावा आत सरकेल तशी ती थोडी थोडी पुढे जाते, आणि प्रत्येक थांब्याची खूण म्हणून खांबाच्या बाजूवर आडवा पट्टा उरतो. स्तंभाकार बेसाल्ट जवळून पाहताना हे पट्टे छिन्नीने ओढल्यासारखे दिसतात, म्हणून पुष्कळांना ती मानवी कारागिरी वाटते. खडक जितका सावकाश निवतो तितके खांब जाड होतात.

खांबांची दिशा ही उत्पत्तीच्या प्रश्नाची किल्ली आहे. भेगा थंड होणाऱ्या पृष्ठाला काटकोनात आत जातात. जुन्या खडकांत घुसून गोठलेल्या शिलारसाला अंतर्वेशन म्हणतात. उभ्या भिंतीसारख्या अंतर्वेशनात, म्हणजे भित्ती किंवा डाइकमध्ये, थंडावा दोन्ही बाजूंनी आत शिरत असल्याने खांब आडवे पडतात. उलटपक्षी, शिलापट्टात (थरांमध्ये आडव्या घुसलेल्या अंतर्वेशनात) किंवा साचून राहिलेल्या जाड लाव्हा थरात थंडावा वरून व खालून येतो आणि खांब उभे राहतात. लोकप्रिय लेखनात गिल्बर्ट हिलला सरसकट ज्वालामुखीच्या जुन्या नळीत गोठलेला खुंट म्हटले जाते. नळीची भिंत उभी असते हे लक्षात घेता साध्या खुंटात खांब बाहेरच्या बाजूने आडवे किंवा पंख्यासारखे पसरलेले अपेक्षित असतात. ते उभे असतील तर नळीच्या तोंडाशी रुंद लाव्हातळे साचले होते किंवा शिलारस शिलापट्टाच्या रूपात घुसला होता, असे काहीतरी गृहीत धरावे लागते. भोवतालचा खडक खाणींमुळे व बांधकामामुळे बराचसा गेला असल्याने मूळ संपर्कपृष्ठे आज पाहता येणे कठीण आहे. उपलब्ध पुराव्यावरून ‘अंतर्वेशी बेसाल्ट’ इतकेच वर्णन अधिक सुरक्षित वाटते.

याच संदर्भात आणखी एक मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. मुंबई परिसरातील लाव्हा थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कललेले आहेत. कोकण किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. लाव्हा आडवा पसरून गोठला व नंतर कलला असता, तर त्याचे खांबही तितकेच झुकले असते. गिल्बर्ट हिलचे खांब ढोबळमानाने उभे आहेत, त्यावरून थर कलल्यानंतर हा शिलारस वर आला असावा, असा युक्तिवाद करता येतो. अर्थात खांबांचा कल जागोजागी काटेकोरपणे मोजल्यावाचून त्यावर फार भार टाकणे बरे नव्हे.

वय : गिल्बर्ट हिलचे वय ‘६.६ कोटी वर्षे’ असे फलकांवर, वर्तमानपत्रांत व पर्यटन पुस्तिकांत आढळते. हा आकडा दक्खन ट्रॅपच्या, म्हणजे दक्खनभर पसरलेल्या लाव्हा थरांच्या, मुख्य उद्रेकांचा आहे. सह्याद्रीतील बहुतेक लाव्हा थर क्रिटेशस व त्यानंतरच्या पॅलिओजीन या भूवैज्ञानिक कालखंडांच्या सीमेच्या आगेमागे बाहेर पडले, आणि मुंबई त्याच प्रदेशाच्या पश्चिम कडेला असल्याने तोच आकडा तिलाही लावला गेला. प्रत्यक्ष मापनातून निराळे चित्र उभे राहते. हेतु शेठ, कांचन पांडे व रजनीश भूतानी यांनी २००१ मध्ये या सुळक्याच्या बेसाल्टचे आर्गॉन पद्धतीने काढलेले वय ६.०५ कोटी वर्षे, कमीअधिक १२ लाख वर्षे, असे आहे. म्हणजे लोकप्रिय आकड्याहून हा खडक सुमारे ५५ लाख वर्षांनी तरुण ठरतो, आणि हा फरक मापनाच्या त्रुटीत बसण्याजोगा नाही.

पद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी अणूचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याचा जवळपास दहावा हिस्सा आर्गॉन-४० मध्ये बदलतो. खडकाचा नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवला की त्यातील पोटॅशियम-३९ पासून आर्गॉन-३९ तयार होतो, आणि पोटॅशियमचे प्रमाण वेगळे न मोजता दोन्ही आर्गॉन एकाच वेळी मोजता येतात. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याचे वय काढले जाते. लागोपाठचे टप्पे एकच वय देऊ लागले तर ते विश्वसनीय मानतात. बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळातच कमी असते. शिवाय खडक कुजला असेल तर आर्गॉन निसटून वय खोटेच तरुण दिसते, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. मापनात वापरल्या जाणाऱ्या मानक खनिजांची वये नंतरच्या काळात सुधारली गेल्यामुळेही जुने आकडे किंचित सरकू शकतात, पण ५५ लाख वर्षांनी नव्हे.

गिल्बर्ट हिलच्या आकड्याला बळ मिळते ते शेजारच्या खडकांमुळे. मुंबईत बेसाल्टखेरीज ट्रॅकाइट व रायोलाइट हे सिलिका अधिक असलेले खडकही आहेत. घाटावरच्या दक्खन ट्रॅपमध्ये ते क्वचितच आढळतात. त्यांचे रुबिडियम-स्ट्राँशियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी पद्धतीचे वय लाइटफूट व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ६.१५ कोटी वर्षे (कमीअधिक १९ लाख) असे दिले होते. मनोरी व साकीनाका परिसरातील ट्रॅकाइटांच्या आर्गॉन वयांचे २००१ मधील आकडे ६.०४ व ६.१८ कोटी वर्षे आहेत. पांडे, यतीश व शेठ यांनी २०१७ मध्ये मुंबईच्या बेसाल्टांची वये ६.२५ कोटी वर्षांच्या आसपास असल्याचे दाखवले आणि या ज्वालामुखीक्रियेचा संबंध भारतापासून लक्ष्मी कटक (अरबी समुद्राच्या तळावरील डोंगररांग) व सेशेल्स अलग होण्याशी जोडला. पोटॅशियमने समृद्ध ट्रॅकाइट व पोटॅशियमने गरीब बेसाल्ट, दोन भिन्न किरणोत्सर्गी घड्याळे, आणि तरी सारे आकडे ६ ते ६.३ कोटींच्या पट्ट्यात पडतात, हे लक्षणीय आहे.

जीवाश्मांचा पुरावा मात्र बराच काळ उलट दिशेने वाचला गेला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या गाळाच्या खडकांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. वरळीच्या अशा थरांतील बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले, आणि एच. जे. कार्टर यांनी १८५२ च्या सुमारास मुंबई बेटाच्या भूविज्ञानावर लिहिताना कासवाच्या जीवाश्माची नोंद केली. गिल्बर्ट हिलपासून फार दूर नसलेल्या आंबोली येथील खाणीतून मिळालेल्या ‘सांकुकेमिस’ या कासवाचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाही ते क्रिटेशसच्या अखेरचे मानले होते. क्रिप्स, विडोसन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुंबईच्या आंतर-ट्रॅपी थरांतील परागकणादी सूक्ष्म अवशेषांवरून हे थर पॅलिओसीनच्या (पॅलिओजीनच्या पहिल्या भागाच्या) आरंभीच्या, डेनियन काळातले ठरवले. कासवांची व बेडकांची कुळे सीमा ओलांडूनही टिकत असल्याने कालनिश्चितीसाठी ती बोथट साधने आहेत, आणि परागांचा निष्कर्ष आर्गॉन वयांशी जुळतो. त्यामुळे मुंबईचे खडक मुख्य उद्रेकांनंतरचे हे मत आज अधिक ग्राह्य धरावे लागते.

गिल्बर्ट हिलची तुलना नेहमी अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर व डेव्हिल्स पोस्टपाइल यांच्याशी केली जाते. रूपसाम्य खरे असले तरी वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर बेसाल्टचा नसून फोनोलाइटचा आहे, आणि कॅलिफोर्नियातील पोस्टपाइल एक लाख वर्षांहूनही अलीकडचे आहे. भारतात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरील खांब प्रसिद्ध आहेत. तेही बेसाल्टचे नाहीत व दक्खन ट्रॅपच्या आधीचे आहेत.

मुंबईच्या वाढीला लागणारी खडी व बांधकामाचा काळा दगड उपनगरांतल्या खाणींनी पुरवला. अंधेरी-जोगेश्वरी पट्ट्यातल्या खाणी त्यांपैकीच होत, आणि सुळक्याच्या आसपासचा खडकही त्यातच संपला. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २००७ मध्ये टेकडीला दुसऱ्या श्रेणीचा वारसा दर्जा दिला. उभ्या संधींच्या खडकाला विशिष्ट धोका असतो : भेगांत पावसाचे पाणी मुरते, पिंपळ-उंबरांची मुळे त्या रुंदावतात आणि पायथ्याचा आधार काढला गेला की कडेचा खांब अख्खा बाहेर झुकतो. जुलै २००० मध्ये घाटकोपरला झोपड्यांवर दरड कोसळली तशा मातीमिश्रित उतारांच्या घसरणीहून ही क्रिया वेगळी असून आधी सूचना फारशी देत नाही. अशा कड्यांच्या पायथ्याशी खोदकाम करण्यापूर्वी संधींची दिशा व अंतर मोजणे, आणि पावसाळ्यापूर्वी सुटे खांब तपासणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय होत.