कचराभूमी निरीक्षण विहिरी (विदर्भ)

कचराभूमीतून झिरपणारे दूषित पाणी (लीचेट) भूजलात उतरले का, हे गावाच्या विहिरीपर्यंत ते पोचण्याआधी कळावे म्हणून खोदलेल्या विहिरींचा समूह. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणीपातळी मोजते त्या विहिरींनाही ‘निरीक्षण विहिरी’ म्हणतात. येथे अभिप्रेत विहिरी पाण्याच्या नमुन्यांसाठी असतात, त्यांवर पंप बसवून उपसा करीत नाहीत.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार हद्दीपासून ५० मीटरांच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतर तपासायचे होते. विहिरींच्या मांडणीसाठी धोकादायक कचऱ्याविषयीच्या अमेरिकी नियमांतील किमान प्रमाण, प्रवाहाच्या वरच्या अंगाला एक व खालच्या अंगाला तीन, हे आधाराला घेता येते. पश्चिम विदर्भाच्या बेसाल्टात मात्र ते अपुरे आहे. येथे पाणी मुरमातून, भेगांतून व सच्छिद्र थरांतून वाहते. एखाद्या भेगेने निघालेला दूषित पाण्याचा अरुंद पट्टा दोन विहिरींच्या मधून निसटू शकतो. त्यामुळे मुरमात उथळ आणि खालच्या सच्छिद्र थरात खोल अशी जोडी घ्यावी, व खोल विहिरीत वरच्या थराला केसिंग पाइप घालून बाहेरची पोकळी बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) बुजवावी. दोन्ही थर एकाच उघड्या बोअरने जोडले, तर निरीक्षणाची विहीरच प्रदूषणाची वाट होते.

‘वरचे अंग’ वर्षभर तेच राहील, असेही नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आंबिया बहाराला (उन्हाळ्याआधी येणाऱ्या संत्र्याच्या फुलोऱ्याला) पाणी देताना जवळच्या बोअरचा उपसा प्रवाहाची दिशा फिरवू शकतो. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींच्या पातळ्या निरनिराळ्या ऋतूंत मोजून मगच जागा ठरवाव्यात.

क्लोराइड मातीत फारसे अडकत नाही, म्हणून ते प्रदूषणाची पहिली वर्दी देते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मात्र ही खूण फसवी आहे, कारण तेथील भूजल मुळातच खारे आहे. हा खारेपणा गाळात अडकलेल्या प्राचीन पाण्याचा, असे एक मत. बारीक गाळ, मंद निचरा व बाष्पीभवन यांतून तो साचत गेला, असे दुसरे. गाळ मुख्यतः नदीचा असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. उगम कोणताही असो, खारेपणा खोलीगणिक बदलत असल्याने तुलनेची विहीर त्याच खोलीची हवी, आणि क्लोराइडसोबत अमोनिया व बोरॉनही तपासावे. शेतातील खतांमुळे नायट्रेट ही खूण येथे कमकुवत ठरते.

चंद्रपूरकडील गोंडवाना वालुकाश्मात पाणी कणांमधूनही वाहते. तेथे विहिरींतील अंतर अधिक नियमित ठेवता येते. भंडारा-गोंदियाच्या ग्नाइस या कठीण खडकात पुन्हा भेगांचाच विचार करावा लागतो.

नमुना घेण्यापूर्वी विहिरीत साचलेल्या पाण्याच्या साधारणतः तिप्पट पाणी काढून टाकतात. विद्युतवाहकता व सामू स्थिरावल्यावरच बाटली भरतात. पहिले नमुने कचरा टाकण्याआधीचे असावेत.