कौटुंबिक संवाद व प्रौढ स्वभाव

घरातील माणसे एकमेकांशी काय, किती आणि कोणत्या सुरात बोलतात, याचा मुलांच्या प्रौढपणीच्या स्वभावाशी असलेला संबंध. मनोविकारचिकित्सा व संवादशास्त्र या दोन्ही शाखा या विषयाचा उगम आपल्याकडे ओढतात.

काही अभ्यासक हा उगम ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन, जे हेली व जॉन वीकलंड यांच्या १९५६ मधील छिन्नमनस्कतेवरील (स्किझोफ्रेनियावरील) लेखात मानतात. त्यातील ‘द्विबंधा’चे, म्हणजे परस्परविरोधी संदेशांमुळे काहीही केले तरी चूकच ठरण्याच्या कोंडीचे, उदाहरण प्रसिद्ध आहे. भेटीला आलेल्या आईच्या खांद्यांभोवती रुग्ण मुलगा हात टाकतो. ती अंग आखडून घेते. तो हात काढतो, तर ती विचारते, ‘आता माझ्यावर प्रेम नाही का?’ अशा बोलण्याने छिन्नमनस्कता उद्भवते, हे मूळ प्रतिपादन पुढे टिकले नाही. कुटुंबचिकित्सेला मात्र त्यातून चालना मिळाली.

दुसरी परंपरा १९७० च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॅक मॅक्लाउड व स्टीव्हन चॅफी यांची. प्रस्तुत विषयाला हीच अधिक जवळची म्हणावी लागेल. त्यांनी घरांची विभागणी ‘समाजाभिमुख’ (नाती सांभाळण्यावर भर) व ‘विचाराभिमुख’ (विषयाची मोकळी चर्चा करण्यावर भर) या दोन अक्षांवर केली. पहिला अक्ष एकोपा मोजतो, असा त्यांचा समज होता. डेव्हिड रिची यांच्या मते तो प्रत्यक्षात आईवडिलांची सत्ता मोजत होता. म्हणून १९९० मध्ये रिची व मेरी ॲन फिट्झपॅट्रिक यांनी प्रश्नावली सुधारून अक्षांना ‘अनुवर्तन’ (मोठ्यांच्या मताप्रमाणे वागणे) व ‘संभाषण’ अशी नावे दिली. ‘मोठा झालास की कळेल’ हे वाक्य घरात वारंवार ऐकू येते का, असाही एक प्रश्न तीत आहे, आणि तो अनुवर्तनाच्या बाजूला मोजतात. दोन्ही अक्षांच्या कमीअधिक प्रमाणावरून घरांचे चार प्रकार पडतात.

कार्यकारणभावाबद्दल सावधगिरी हवी. मुलाचा स्वभावही आईवडिलांचे बोलणे घडवतो, याकडे रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच लक्ष वेधले होते. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मध्ये घरापेक्षा सवंगड्यांना अधिक महत्त्व दिले. जुळ्यांच्या अभ्यासांत स्वभावातील फरकांमागे सामाईक घराचा वाटा सहसा अल्पच आढळतो. मात्र एकाच घरात दोन भावंडांशी वेगळे बोलले जाते, ही बाब त्या हिशोबात सामाईक घराच्या खात्यात येत नाही. हॅरिस यांचा निष्कर्ष त्यामुळे थोडा टोकाचा वाटतो.

प्रौढांच्या बाबतीत बरीचशी माहिती त्यांच्या आठवणींवर उभी आहे. मेरी मेन व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या मुलाखतपद्धतीत ही अडचणच साधन बनली: बालपण सुखाचे होते की नव्हते, यापेक्षा ते सांगताना कथनात सुसंगती राहते का, याला तीत गुण दिले जातात.