पाळीव पोपटांचा आहार आणि हाताळणी

घरात पाळलेल्या पोपटाला काय व कसे खाऊ घालावे आणि त्याला हातावर कसे घ्यावे, कसे धरावे याची पद्धत. सिटॅसिफॉर्मिस या गणात पोपटांच्या सुमारे ४०० जाती येतात. घरोघरी दिसतात त्या त्यांतल्या मोजक्याच : बजरीगर, कॉकॅटील, लव्हबर्ड, कोन्यूर, ॲमेझॉन, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा, मकाव. कुत्रा किंवा कोंबडी हजारो वर्षांत माणसाळली, पोपटाचे तसे झालेले नाही. सर्वांत जास्त पाळला जाणारा बजरीगरसुद्धा युरोपात जिवंत पोचला तो १८४० मध्ये. म्हणजे पिंजऱ्यात जन्मलेला पोपटही शरीराने आणि स्वभावाने रानातलाच असतो. पाळणाऱ्यांच्या बहुतेक चुका दोन गोष्टींवर विसंबल्याने होतात : पक्ष्याची आवड आणि आपला लाड.

बहुतेक घरांत पोपटाचे जेवण म्हणजे वाटीभर बिया, त्यातही सूर्यफुलाच्या. पोपट त्या आधी वेचून खातो, म्हणून त्याला त्याच मानवतात असे समजले जाते. रानात त्याला दिवसभर उडावे लागते, तेव्हा स्निग्धांश मिळेल तिथे खाऊन घेणे शहाणपणाचे असते. पिंजऱ्यात तीच खोड यकृतात चरबी साठवते. शिवाय बियांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी असते. अ जीवनसत्त्व कमी पडले की नाक, तोंड आणि श्वासमार्गाचे अस्तर जाड व कोरडे होते. मग सतत शिंका, डोळ्याभोवती सूज, तळपायाला फोड अशा तक्रारी सुरू होतात. कॅल्शियम घटल्याने आफ्रिकन ग्रेला झटके येतात आणि कोणत्याही मादीचे अंडे आत अडकू शकते. निव्वळ बियांवर वाढलेल्या बजरीगरांत आयोडीनअभावी गलगंड होतो. यातले काहीच आठवड्याभरात दिसत नाही, त्यामुळे ‘आमचा तर वर्षानुवर्षे बियाच खातोय’ असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात.

पक्षिवैद्य आज सहसा सुचवतात तो आहार असा : निम्म्याहून अधिक भाग तयार पेलेट (धान्य व पोषकद्रव्ये एकत्र दाबून केलेल्या गोळ्या), उरलेल्यात मुख्यतः भाज्या, फळे थोडी आणि बिया बक्षिसापुरत्या. पेलेटचा फायदा एवढाच की प्रत्येक घास सारखा असल्याने निवडून खाता येत नाही. गाजर, लाल भोपळा, रताळे, ढोबळी मिरची आणि गडद हिरवा पाला यांतून अ जीवनसत्त्वाची गरज भागते. रताळे उकडून द्यावे. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरते, म्हणून तो रोज नको. तिखट मिरची पोपट मिटक्या मारत खातो, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. कडधान्ये शिजवून द्यावीत. मोड आलेली देताना मात्र ती तासाभरात काढून घ्यावीत, कारण ओलसर दाण्यावर बुरशी लवकर धरते. शेंगदाण्यातही बुरशीचे विष असू शकते. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेण अडकवतात. हा माकुलाच्या पाठीतला पांढरा कणा असून दुकानात तो कटलबोन या नावाने मिळतो. खडे-वाळू खाऊ घालण्याची गरज नसते : कबुतर दाणा सालासकट गिळते, पोपट सोलून खातो. लोरी व लोरिकीट हे पोपट मात्र या साऱ्याला अपवाद आहेत. त्यांच्या जिभेला ब्रशसारखे टोक असते आणि त्यांचे पोट मधुरस व परागावर भरते. त्यांना सुका दाणा देऊ नये.

पोपट दाणा चोचीत फिरवतो, जिभेने गर काढून घेतो आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. तिच्यावर एक फुंकर मारावी : टरफले उडतात आणि तळ दिसतो. भरल्या वाटीपुढे उपाशी राहिलेले बजरीगर याच फसगतीचे बळी असतात. आहार बदलताना हा धोका आणखी वाढतो. बियांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट हे अन्न आहे हेच मुळात कळत नाही. ‘भूक लागली की खाईल’ हे तत्त्व इथे चालत नाही. बियांत पेलेट मिसळत जाऊन काही आठवड्यांत प्रमाण पालटावे आणि त्या काळात पक्ष्याचे रोज सकाळी खाण्याआधी वजन करावे. बजरीगर जेमतेम ३०–४० ग्रॅमचा असतो. त्याचे तीन-चार ग्रॅम घटले म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला आणि डोळ्यांना ते कळतही नाही, कारण पिसे सारे झाकून घेतात. म्हणून ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा हे पोपटाच्या घरातले सर्वांत उपयोगी साधन आहे. महागड्या खेळण्यांच्या आधी तो आणावा.

ॲव्होकाडो, चॉकलेट, कॉफी, चहा आणि मद्य पोपटाला विषारी आहेत. कांदा, लसूण आणि खारवलेले पदार्थही टाळावेत. सफरचंदाच्या बिया काढून मगच फोड द्यावी. दुधातील साखर पक्ष्यांना पचत नाही. आपल्या ओठांतून घास भरवणे दिसायला गोड असले तरी माणसाच्या लाळेतील जंतू पक्ष्याला बाधतात. सर्वांत मोठा धोका मात्र ताटात नसून चुलीवर असतो. न चिकटणाऱ्या तव्याचा टेफ्लॉनचा थर प्रमाणाबाहेर तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही, पण पोपट काही मिनिटांत दगावतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवेतला प्राणवायू शोषण्याची त्यांची क्षमता आपल्यापेक्षा खूप जास्त असते. विषही तितक्याच झपाट्याने आत जाते. स्वयंपाकघर ही पिंजऱ्याची जागा नव्हेच. जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि शिशाच्या वस्तूही चोचीपासून दूर ठेवाव्यात.

रानातल्या पोपटाचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. घरात वाटी समोर असल्याने तेच काम थोड्या वेळात उरकते आणि उरलेला वेळ त्याच्या अंगावर येतो. किंचाळणे आणि स्वतःची पिसे उपटणे यांमागे बऱ्याचदा ही रिकामी दुपार असते. अर्थात पिसे उपटणाऱ्या पक्ष्याला आजार नाही ना, हे आधी तपासून घ्यावे लागते. खाऊ कागदात गुंडाळून ठेवणे, भाजीची जुडी उंच टांगणे, लाकडाच्या भोकात दाणे दडवणे असे साधे उपाय पुरतात. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी.

हाताळणीची सुरुवात एका साध्या हालचालीपासून होते. बोट किंवा मनगट पायांच्या किंचित वर, पोटाच्या खालच्या बाजूला टेकवायचे, ‘चढ’ असा एकच शब्द म्हणायचा आणि पक्षी चढला की लगेच आवडीचा दाणा द्यायचा. नवखा माणूस नेमका इथे अडखळतो. पोपट चढण्यापूर्वी बोटाला चोच लावून पाहतो, कारण चढताना चोच त्याला तिसऱ्या पायासारखी लागते. तो चावणार असे वाटून माणूस हात झटकन मागे घेतो. यातून पक्षी दोन धडे घेतो : ही फांदी भरवशाची नाही आणि चोच लावली की हात जातो. पुढच्या वेळी तो खरोखर चावतो, तेव्हा त्याला आपणच शिकवलेले असते. हात स्थिर ठेवणे हाच यावरचा उपाय. चावल्यावर ओरडून उपयोग नाही. आरडाओरड पोपटाला करमणूक वाटण्याचीच शक्यता अधिक. चोचीवर टिचकी मारण्याची सवय तर सरळ क्रूरपणाची आहे.

चावण्याआधी पोपट सूचना देतो. डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी होणे, मानेवरची पिसे ताठणे, शेपूट पंख्यासारखी पसरणे ही लक्षणे दिसली की हात पुढे करू नये. कुरवाळणे डोके आणि मानेपुरतेच ठेवावे. पाठीवरून किंवा पंखांखालून हात फिरवला की वयात आलेला पक्षी त्या माणसाला जोडीदार समजू लागतो. घरातल्या इतरांवर धावून जाणे, विनाकारण अंडी घालणे हे पुढचे प्रकार त्यातूनच उद्भवतात. औषध देण्यासाठी किंवा नखे कापण्यासाठी धरावेच लागले तर टॉवेल वापरावा. अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना टेकवून डोके स्थिर करावे, अंग सैलसर गुंडाळावे आणि छाती मोकळी ठेवावी. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते, त्यामुळे घट्ट आवळलेला पोपट हातातच गुदमरतो.

पिलाला हाताने भरवले की ते अधिक लळा लावते, या समजुतीपायी अजून स्वतः खाऊ न लागलेली पिले विकली आणि घेतली जातात. हे काम जोखमीचे आहे. पातळ खाद्य साधारण ४० अंश सेल्सिअसला द्यावे लागते. थंड असेल तर ते गळ्याशी असलेल्या पिशवीत साचून आंबते, जास्त गरम असेल तर पिशवी भाजते आणि घाई केली तर श्वासनळीत जाते. स्वतः खाऊ लागलेले पिलू घेतले तरी लळा कमी लागत नाही.

पोपट आजार लपवतो, कारण कळपात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेस आधी पडतो. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पोपट त्या दिवशी आजारी पडलेला नसतो. त्याची लपवण्याची ताकद संपलेली असते. विष्ठेत हिरवट मळ, पांढरा भाग आणि पारदर्शक पाणी असे तीन भाग रोज दिसायला हवेत. नवा पक्षी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवतात. क्लॅमिडिया सिटॅसी या जीवाणूमुळे होणारा सिटॅकोसिस पक्ष्यांकडून माणसात येतो. १९२९–३० मध्ये पोपटांच्या व्यापारातून त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला रेंगाळला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण ते कळले नाही तर या आजाराची शंका सहसा कोणाला येत नाही.