कॉपी आहे म्हणता, पण उघडून बघितली का?

२०१९ च्या दिवाळीत मी आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी, ओसरीवर जातं मांडून. मागं कोंबड्यांचा आवाज, जात्याची घरघर, आणि मधीच आजी थांबून "झालं का रे भरून?" असं विचारते, ते सगळं त्यात आलेलं. एकूण ४६ फायली. घरच्या कॉम्प्युटरवर टाकल्या, एक कॉपी पेनड्राइव्हवर काढली, पेनड्राइव्ह लोखंडी कपाटात ठेवला आणि आता काही काळजी नाही म्हणलं.

दोन वर्षांनी मे महिन्यात, दिवसातून पाच-सहा वेळा लाइट जायची त्या दिवसांत, कॉम्प्युटर चालू केला तर आतून टक, टक, टक असा आवाज. थोडं थांबायचा की परत टक, टक.

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात, वरून एक बारीक हेड तरंगत जातं आणि डेटा वाचतं, लिहितं. तबकडी आणि हेड यांच्यात अंतर किती, तर काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे त्या फटीत केस सोडा, आपल्याकडं उन्हाळ्यात उडतो तो फुफाट्याचा कणसुद्धा डोंगराएवढा. म्हणून ती डबी कधी उघडायची नसते. टक-टक आवाज बहुतेक वेळा असा येतो की हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, ते माघारी जातं आणि पुन्हा सुरुवातीपासून शोधायला लागतं. अशा वेळी डिस्क ताबडतोब बंद करायची, कारण हेड बिघडलेलं असलं तर प्रत्येक फेरीला तबकडी अजून खरवडली जाऊ शकते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी दहा वेळा बंद-चालू केलं.

तरी धीर होता, पेनड्राइव्ह होता ना. तो लावला, ४६ नावं दिसली, जीव भांड्यात पडला. एकेक उघडायला लागलो तर ३१ वाजल्या, बाकीच्या १५ मधल्या काही अर्ध्यात तुटायच्या, काही उघडायच्याच नाहीत. नाव आहे, आत काही नाही.

असं का होतं? कॉपी करताना कॉम्प्युटर कधी कधी डेटा आधी स्वतःच्या मेमरीत धरतो आणि पेनड्राइव्हवर सवडीनं लिहितो, पडद्यावर "झालं" दिसतं पण आत काम चालूच असतं. त्या वेळी आपण पेनड्राइव्ह उपसला की फायलीचं नाव यादीत चढलेलं असतं आणि मजकूर मागं राहतो. मी तेव्हा एसटी पकडायच्या घाईत तो तसाच ओढून काढला होता, माझा अंदाज तिथंच घोटाळा झाला. दुसरं म्हणजे पेनड्राइव्हमधला डेटा हा बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार असतो, तो वर्षानुवर्षं थोडा थोडा गळतो आणि उष्णतेनं जास्त लवकर गळतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीतलं कपाट किंवा गाडीचा डॅशबोर्ड ही पेनड्राइव्ह सांभाळायची जागा नाही.

तेव्हापासून मला हे पक्कं कळलंय की कॉपी काढली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं, ती कॉपी परत उघडून, वाजवून बघितली की मगच तो बॅकअप. आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं नाही हो. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी कंपनी, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका माणसाकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, पण ऐन वेळी त्यातला एकही धड कामाला आला नाही, फेल झाल्याचे जे ईमेल यायला पाहिजे होते ते पण पोचत नव्हते. सुदैवानं एकानं सहा तास आधी काढलेली कॉपी होती, तिच्यावर निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

फाईल न सांगता, हळूच बिघडते, हा प्रकार तर कागदाच्या काळापासूनचा आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची, पुढं तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या आणि नकलेत चुका शिरत गेल्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी वेगवेगळ्या प्रती ताडून १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. प्रती अनेक होत्या म्हणून हे जमलं, एकच असती तर चुकलेला शब्द कोणता हे कशावरून ठरवणार? आज कॉम्प्युटर हेच काम हॅशनं करतो. फाईल मोजून तिचा ६४ अक्षरी अंगठा काढतो, शा-२५६ म्हणतात त्याला, आणि फाईलमध्ये एक बिट, म्हणजे डेटाचा सगळ्यात बारीक कण, जरी बदलला तरी अंगठा पार वेगळा येतो. मूळ फाईल आणि कॉपी यांचा अंगठा जुळला तर कॉपी बरोबर.

किती कॉप्या आणि कुठं, याचा सोपा हिशेब पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं लोकांत रुजवला, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी. शेवटचा आकडा लोक सोडतात. घरात पाणी शिरलं, चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं तर कपाटातली डिस्क आणि टेबलावरचा कॉम्प्युटर एकदमच जाणार ना.

गुगलवर आपोआप चढतंय, मग कशाला, असं बरेच जण म्हणतात. क्लाउड चांगलाच आहे, मी पण वापरतो, पण सिंक आणि बॅकअप यात फरक आहे. सिंक म्हणजे आरसा, इकडं फाईल पुसली की तिकडंही पुसली जाते, गुगल ड्राइव्हच्या कचऱ्यात ती ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. तसंच कायम जोडून ठेवलेल्या डिस्कचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १५० च्या आसपास देशांत पसरला होता, असले व्हायरस कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतात. काम झालं की डिस्क काढून ठेवायची. रीतसर इजेक्ट करून, म्हणजे काढतोय असं कॉम्प्युटरला आधी सांगून.

आमच्या त्या १५ फायलींपैकी ९ आत्याच्या पोरीच्या मोबाइलमध्ये निघाल्या, मीच तिला कधीतरी पाठवल्या होत्या. सहा गेल्या. आजी आता थकली, जात्यावर बसत नाही, सांगितलं तर दोन ओळी म्हणते आणि पुढचं विसरते.

राहिलेल्या ४० फायली आता माझ्या लॅपटॉपवर आहेत, क्लाउडवर आहेत आणि दोन एक्स्टर्नल डिस्कवर. त्यातली एक नांदेडला आत्याकडं असते. राखीला आत्या परभणीला येते तेव्हा ती घेऊन येते, मी दुसरी ताजी करून तिच्या पिशवीत देतो, दिवाळीला परत तीच अदलाबदल. आलेल्या डिस्कचे अंगठे मी ताडून घेतो आणि मग जेवणं झाल्यावर त्यातलीच एखादी ओवी लावतो, आजी जवळच बसलेली असते, मोबाइलमधून तिचाच आवाज येतो, "झालं का रे भरून?" आणि ती मान हलवून म्हणते, झालं झालं.