रांबुतानची बी वाळवू नका

"बी उन्हात खडखडीत वाळवा, डबीत भरा, वर्षभर कधीही पेरा." ठाणे-नवी मुंबईत बाल्कनीत बाग करणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भेंडी, वाल, मिरचीला तो लागू आहे. रांबुतान, मँगोस्टीन, ड्युरियन या आग्नेय आशियातल्या फळांची बी मात्र त्यानं हमखास मरते.

ही झाडं बारमाही दमट जंगलातली. तिथे बी पडली की लगेच रुजते, झोपून राहायची तिला सवयच नाही. आतला ओलावा ठरावीक पातळीखाली गेला की गर्भ मरतो. मग कितीही पाणी घाला. फ्रिजचा गारठाही सोसत नाही. आंब्याची कोय, फणसाची आठळी याच जातकुळीतली. (आठळ्या वाळवतो त्या खायला, पेरायला नव्हे!)

म्हणून वाशीच्या बाजारातून रांबुतान आणलंत तर खाल्ल्या दिवशीच बी स्वच्छ धुवून पेरा. कुणाला पाठवायचीच, तर ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा). टपालानं आलेली सुरकुतलेली 'दुर्मिळ बी' फुकटही नको. आणि रुजलेलं रांबुतान नर निघालं तर फळ धरत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही. मँगोस्टीनची बी परागीभवनाविना तयार होते, त्यामुळे रोप आईसारखंच. फक्त पहिल्या फळासाठी बहुधा 7 ते 10 वर्षं थांबायची तयारी हवी.